सुवॉनचा पूम, पुण्याचा क्लास

प्रश्न : यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं कोरियात सुवॉनला होतो. मुलगा तिथल्या तायक्वांदोच्या दोजांगमध्ये, म्हणजे क्लासमध्ये, सोळा महिने जात होता, आठवड्यातून पाच दिवस. परत येण्याआधी त्याला १ पूम, म्हणजे लहान मुलांचा पहिला ब्लॅक बेल्ट, मिळाला. आता तो दहा वर्षांचा आहे. पुण्यात घराजवळच्या क्लासचे सर म्हणाले, "कोरियात पैसे घेऊन बेल्ट वाटतात. सोळा महिन्यांत कुणी ब्लॅक बेल्ट होत नाही. पांढऱ्यापासून सुरू करा, नाहीतर अठरा हजार भरा, दोन महिन्यांत आमच्या संघटनेचा इंटरनॅशनल ब्लॅक बेल्ट काढून देतो." हा क्लास सोसायटीच्या पार्किंगमध्ये बूट घालून चालतो. स्ट्रेचिंगला मोठी मुलं लहानांच्या गुडघ्यांवर जोर देतात आणि चुकलं की छडी बसते. ही कोरियन शिस्त आहे म्हणे. दुसरा क्लास एका शाळेच्या हॉलमध्ये आहे. तिथले सर शांत वाटले, पण त्यांचे प्रकार वेगळे आहेत, प्रत्येक हालचालीत अंग खालीवर होतं. ते म्हणाले, "पूम आम्ही मानतो, पण आमचा अभ्यासक्रम पहिल्यापासून शिकावा लागेल." मुलगा रोज विचारतो, माझा बेल्ट खोटा आहे का? काय सांगू? त्याला कुठे घालू? आणि दहावीला ब्लॅक बेल्टचे मार्क मिळतात का?
– एक आई, पुणे

ताई, बेल्ट खोटा नाही हे मुलाला आजच सांगा. नुसतं तोंडी सांगू नका, दाखवून द्या. त्याच्या प्रमाणपत्रावर कुक्कीवॉनचं नाव, त्याचा क्रमांक आणि तारीख असेल. कुक्कीवॉन म्हणजे सोलच्या गंगनाम भागातलं तायक्वांदोचं मुख्यालय. १९७२ मध्ये ते सुरू झालं आणि पूम व डॅनची (मोठ्यांच्या ब्लॅक बेल्टच्या पायऱ्यांची) नोंद तिथे एकाच ठिकाणी राहते. कुक्कीवॉनच्या संकेतस्थळावर प्रमाणपत्राचा क्रमांक, नाव आणि जन्मतारीख घालून ही नोंद तपासता येते. त्याला शेजारी बसवून तपासा.

भारतीय मुलांच्या बाबतीत इथे एक गोष्ट हमखास नडते. नाव प्रमाणपत्रावर जसं छापलंय अगदी तसंच घालावं लागतं. पासपोर्टवर आडनाव आधी, दोजांगच्या अर्जात नाव आधी, मधे वडिलांचं नाव कुठे आहे तर कुठे गाळलेलं, असा घोळ असतो आणि मग नोंद सापडत नाही. तसं झालं तर घाबरू नका, नावाचा क्रम बदलून पाहा. स्पेलिंगच चुकलेलं असेल तर ज्या दोजांगने परीक्षेला बसवलं त्यांच्याकडूनच दुरुस्ती करून घेणं सगळ्यात सोपं. तिथल्या क्वानजांगनिमचा (मुख्य सरांचा) फोन, ईमेल आणि दोजांगचं कोरियन लिपीतलं नाव आत्ताच लिहून ठेवा. वर्ष-दोन वर्षांत दोजांगचा मालक बदलला की हा धागा तुटतो.

आता सोळा महिन्यांचं. हे ऐकून आपल्याकडचे सर बिचकतात, कारण आपल्याकडे तीन-चार वर्षं लागलेली त्यांनी पाहिलेली असतात. पण महिने मोजून उपयोग नाही, तास मोजा. सोळा महिने म्हणजे सत्तरच्या आसपास आठवडे. सुट्ट्या आणि आजारपण वजा करून साठ धरा. आठवड्याला पाच तास, म्हणजे तीनशे तास. पुण्यात आठवड्याला तीन दिवस तासभर जाणाऱ्या मुलाला तेवढ्या तासांना शंभर आठवडे लागतील, आणि गणपती, दिवाळी, परीक्षा, मे महिना धरला तर अडीच वर्षं सहज जातील. कोरियात शाळा सुटली की दोजांगची गाडी मुलांना उचलते, तासाभराने घरी सोडते, आणि हे रोज चालतं. तिथे लहान मुलांना वर्ष-दीड वर्षात १ पूम मिळणं अगदी नेहमीचं आहे.

त्याचबरोबर त्या पूमची खरी किंमतही समजून घ्या. त्या तीनशे तासांतला बराच वेळ दोरीवरच्या उड्या, चेंडूचे खेळ आणि धावण्याच्या शर्यती यांत गेलेला असतो. त्यात वाईट काही नाही, त्या वयाला तेच हवं. पण तुमचा मुलगा तेगूक मालिकेतले आठही पूमसे, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे प्रकार, ओळीने करून दाखवत असेल आणि तरी त्याच्या किकमध्ये जोर नसेल, किंवा समोर खरा प्रतिस्पर्धी आला की तो मागे मागे जात असेल, तर नवल वाटून घेऊ नका. १ पूमच्या परीक्षेत ठरावीक पूमसे नीट करणं आणि क्योरुगीत, म्हणजे फाइटमध्ये, नियम पाळून उभं राहणं एवढं पाहतात. कोरियात १ पूम किंवा १ डॅन म्हणजे मुळाक्षरं झाली. आपल्याकडे ब्लॅक बेल्ट म्हटलं की पारंगत माणूस डोळ्यांसमोर येतो, म्हणून पहिल्या सरांना तो बेल्ट स्वस्तात मिळाल्यासारखा वाटतो.

पंधरा वर्षांखालच्या मुलांना कुक्कीवॉन डॅन देत नाही, पूम देते. त्याचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. पंधरा पूर्ण झाली की अर्ज करून हाच पूम डॅनमध्ये बदलून मिळतो, पहिल्यापासून परीक्षा द्यावी लागत नाही. पुढच्या पायऱ्यांना किमान वाट पाहावी लागते : पहिल्यानंतर दुसऱ्याला एक वर्ष, दुसऱ्यानंतर तिसऱ्याला दोन, तिसऱ्यानंतर चौथ्याला तीन. आणि १ पूम एकदाच मिळतो. तो ज्याच्याकडे आहे त्याला परत कुणी १ पूम देऊ शकत नाही.

म्हणून अठरा हजार अजिबात भरू नका. त्या सरांना एकच विचारा : या प्रमाणपत्रावर कुणाचं नाव असेल आणि त्याची नोंद कुक्कीवॉनमध्ये होते का? होते म्हणाले, तर मुलाकडे ती नोंद आधीच आहे. होत नाही म्हणाले, तर तो कागद त्यांच्या संघटनेबाहेर कुणी विचारणार नाही. दोन्हीकडून पैसे वायाच जातात. शिवाय "पांढऱ्यापासून शिका, नाहीतर पैसे भरून दोन महिन्यांत काळा घ्या" असं एकाच दमात म्हणणाऱ्या माणसाला मुलाच्या तयारीशी काही देणंघेणं नाही. मुलगा खरंच कच्चा असेल तर दोन महिन्यांत तो पक्का कसा होणार?

दुसऱ्या सरांचं म्हणणं मात्र रास्त आहे, ते नीट समजून घ्या. अंग खालीवर होतं असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून ते आयटीएफ पद्धत शिकवत असणार. जनरल छोई होंग-ही यांनी १९६६ मध्ये सोलमध्ये आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ (हीच आयटीएफ) स्थापन केला आणि १९७२ मध्ये त्याचं मुख्यालय टोरांटोला हलवलं. त्याच वर्षी सोलमध्ये कुक्कीवॉन उभं राहिलं आणि पुढच्या वर्षी जागतिक तायक्वांदो महासंघ. २००० च्या सिडनीपासून ऑलिंपिकमध्ये अधिकृतपणे खेळला जातो तो या दुसऱ्या घराण्याचा तायक्वांदो. दोन्हींचं मूळ एक, पण अभ्यासक्रम खरोखर वेगळे आहेत. कुक्कीवॉनकडे तेगूकचे आठ पूमसे आणि पुढे कोर्यो, कुमगांग वगैरे. आयटीएफकडे पूमसेसारखेच चोवीस तुल.

फरक किती बारीक आणि किती त्रासाचा आहे ते पहिल्याच प्रकारात दिसतं. तेगूकचा पहिला पूमसे आणि आयटीएफचा पहिला तुल चोनजी, दोन्हींची सुरुवात डावीकडे वळून खालच्या ब्लॉकने होते, मग एक पाऊल पुढे टाकून मधला पंच. कागदावर दोन्ही सारखेच. पण तेगूकमध्ये तुमचा मुलगा आप सगीत उभा राहतो, म्हणजे चालताना पाऊल पडतं तेवढंच अंतर आणि दोन्ही गुडघे जवळजवळ सरळ. चोनजीत पाऊल बरंच लांब पडतं आणि पुढचा गुडघा वाकतो. पाऊल टाकताना अंग किंचित खाली जातं, वर येतं आणि पंच लागतो त्या क्षणी खाली बसतं. तीनशे तासांत ज्याच्या पायांना आखूड पावलाची सवय लागली, त्याला हे लांब पाऊल पहिले काही महिने चुकल्यासारखंच वाटणार. क्योरुगीतही असंच. ऑलिंपिक पद्धतीत हाताने डोक्यावर मारायला बंदी आहे, त्यामुळे मुलाला हात खाली ठेवण्याची सवय असेल. आयटीएफमध्ये ग्लोव्ह्ज घालून चेहऱ्याकडे पंच येतात. जुन्या सवयीने हात खाली राहिले तर पहिल्याच दिवशी नाकावर बसेल. सर त्याला लगेच फाइटला उभं करणार नसतील तर ते योग्यच करतायत.

तेव्हा या क्लासमध्ये त्याने पांढरा किंवा कुठलाही रंगीत बेल्ट बांधला, तर त्याची पायरी उतरली असं होत नाही. दुसऱ्या अभ्यासक्रमाची ती पहिली इयत्ता आहे. पूम कुक्कीवॉनच्या नोंदीत जागच्या जागी राहतो. पण तिसरा एखादा क्लास तुम्हाला मिळाला आणि तो कुक्कीवॉनच्या पद्धतीचा असेल, तर तिथे मुलाला रंगीत बेल्टवर उतरवू देऊ नका. कच्चं असेल ते त्याच पट्ट्यावर पक्कं करून घेता येतं. "पट्टा ठेवू, पण तीन महिने आठही तेगूक माझ्यासमोर पुन्हा करून घेईन" असं म्हणणारे सर मिळाले तर त्यांना धरून ठेवा.

क्लास निवडताना भिंतीवरची प्रमाणपत्रं आणि कपाटातल्या ट्रॉफ्या सोडून द्या. एक पूर्ण तास कोपऱ्यात बसून पाहा. सगळ्यात आधी पाहा पाय. गोल किक, म्हणजे दोल्यो छागी, मारताना गुडघा वर येतो, टेकलेला पाय टाचेवरून उचलून पुढच्या चवड्यावर फिरतो, इतका की टाच लक्ष्याकडे वळते, मग नडगी सुटते, किक लागते, गुडघा पुन्हा दुमडतो आणि पाय खाली येतो. यातला टेकलेला पाय फिरला नाही तर वरचं अंग वळतं, पाऊल जमिनीला चिकटून राहतं आणि तो सगळा पीळ मधे गुडघ्यावर येतो. पार्किंगच्या खरखरीत जमिनीवर रबरी तळव्याचे बूट घालून हे दिवसाला पन्नास वेळा केलं की गुडघा दुखायला लागतो, आणि सर म्हणतात सवय नाही म्हणून दुखतंय. खरं तर बूट पाऊल फिरूच देत नाहीत. २० ते २५ मिलिमीटर जाडीच्या जोडून बसणाऱ्या मॅट्स आणि अनवाणी पाय, एवढं हवंच. मॅट नसेल तर निदान गुळगुळीत, कोरडी फरशी हवी आणि उड्यांच्या किक बंद. तासाभरात शिक्षकाने किती मुलांना टेकलेला पाय फिरवायला सांगितलं ते मोजा. एकदाही नाही, तर तिथे आकडे मोजून किक मारून घेतात, शिकवत नाहीत.

स्ट्रेचिंगबद्दल तर मी ठाम सांगते : दुसऱ्याने जोर देऊन पाय फाकवणं ताबडतोब थांबलं पाहिजे. वाढत्या मुलांत स्नायू जिथे हाडाला धरतो तो भाग अजून कूर्चेचा असतो आणि तीच सगळ्यात कच्ची जागा. पार्श्वभागाखालच्या हाडाला मांडीमागचे स्नायू धरतात, तिथला तुकडा अशा ताणाने सुटू शकतो. तेव्हा कट्कन आवाज येतो, मूल ओरडतं, मग कित्येक आठवडे बसता-धावता येत नाही. लवचिकता हवी असेल तर आधी आठ-दहा मिनिटं अंग गरम होईल अशी हालचाल, पाय पुढे-मागे झुलवणं, आणि शांत ताण तासाच्या शेवटी, मुलाने स्वतः, दुखायच्या आधी थांबून.

फाइटच्या वेळी हेड गार्ड, चेस्ट गार्ड, माउथ गार्ड, ग्रोइन गार्ड, नडगी आणि हातांचे गार्ड प्रत्येकाला आहेत का ते बघा. एक हेड गार्ड दहा डोक्यांवर फिरत असेल तर फाइट कमी ठेवायला हवी. जोड्या बेल्टच्या रंगावरून लावतात की वजन आणि उंचीवरून? रंगावरून लावत असतील तर सावध. डोक्याला लागल्यावर मुलाला गरगरलं, ओकारी झाली, काय झालं ते आठवेना, तर त्या दिवशी मॅटवर परत जायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. हा नियम सरांनी तुम्ही न विचारता सांगितला तर फार चांगलं लक्षण. लहानांकडून कौल किंवा विटा फोडून घेणं आणि मुठीवर जोर काढायला लावणं, दोन्हीला नाही म्हणा.

आणि छडी. तिला कोरियन शिस्त म्हणणं कोरियावर अन्याय आहे. तिथे जुन्या काळी दोजांगमध्ये मारत असत हे खरं, पण २०२१ मध्ये मुलांना शिस्तीसाठी शिक्षा करण्याचा पालकांचा हक्कसुद्धा तिथल्या नागरी कायद्यातून काढून टाकला. तुमचा मुलगा सोळा महिने तिथल्या दोजांगमध्ये जात होता. त्याच्या दोजांगमधली शिस्त कशी होती ते त्यालाच विचारा : आत येताना वाकून नमस्कार, रांग, "छार्यत" म्हटलं की सरळ उभं राहणं, सामान जागेवर ठेवणं. छडी मारणाऱ्याच्या क्लासमध्ये मुलाला एक दिवसही पाठवू नका, मग त्यांच्याकडे कितवाही डॅन असो.

शिकवणाऱ्याच्या डॅनबद्दल विचारायला लाजू नका. कुक्कीवॉनमध्ये चौथा डॅन ही शिक्षकाची खरी पायरी. त्यानंतरही शिक्षक-परवान्याचा वेगळा अभ्यासक्रम आणि परीक्षा असते. त्याच्या तीन श्रेणी आहेत : तिसरी चौथ्या-पाचव्या डॅनला, दुसरी सहाव्या-सातव्याला, पहिली आठव्या-नवव्याला. म्हणजे चौथा डॅन झाला की माणूस आपोआप परवानाधारक शिक्षक होत नाही. आयटीएफमध्येही पहिले तीन डॅन सहायक शिक्षकाचे आणि चौथ्यापासून शिक्षक. पहिल्या-दुसऱ्या डॅनचा तरुण मुलगा किंवा मुलगी लहानांचा वर्ग घेत असेल तर त्यात चूक नाही, कित्येकदा तेच जास्त मन लावून शिकवतात. फक्त त्यांच्यावर कोण आहे आणि ती व्यक्ती महिन्यातून किती वेळा वर्गात येते ते विचारा. मुलाला २ पूमला बसवायचं तर शिफारस करणारी व्यक्ती चौथ्या डॅनची तरी लागते, म्हणून हा प्रश्न तुमच्या कामाचाही आहे. आयटीएफच्या सरांना आणखी एक विचारा : कोणती आयटीएफ? २००२ मध्ये जनरल छोई वारल्यावर त्याच नावाच्या एकाहून जास्त संघटना झाल्या आणि एकीचा डॅन दुसरी मानेलच असं नाही. सर यावर सरळ उत्तर देतील तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

हापकिडो या दुसऱ्या कोरियन युद्धकलेचा क्लास जवळ असेल आणि कुणी तो सुचवला, तर तिथे पडणं आणि फेकणं असल्यामुळे मॅट जाड हवी, साधारण ४० मिलिमीटर. तिथे सगळ्यांना मान्य असं एक केंद्र नाही, संघटना पुष्कळ आहेत, त्यामुळे प्रमाणपत्र पाहण्यात वेळ न घालवता पडायला कसं शिकवतात तेवढं पाहा.

दहावीचं थोडक्यात : सवलतीचे गुण बेल्टला मिळत नाहीत, मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या सहभागाला आणि यशाला मिळतात. बेल्टचे मार्क मिळवून देतो असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. ती वेळ यायला अजून पाच वर्षं आहेत.

आमचं मत विचाराल तर पहिला क्लास सोडाच. आधी महिनाभर कुक्कीवॉन पद्धतीचा क्लास शोधा, अर्धा तास लांब असला तरी चालेल, आठवड्यातून दोनदा पुरे. नाही मिळाला तर शाळेच्या हॉलमधल्या शांत सरांकडे घाला आणि घरी तेगूक जिवंत ठेवा. आठवड्यातून दोन दिवस, दहा-दहा मिनिटं. एका दिवशी पहिले चार, दुसऱ्या दिवशी पुढचे चार. सुवॉनमध्ये काढलेले त्याचे व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये असतील, ते पुसू नका. आठव्या तेगूकमध्ये सत्तावीस हालचाली आहेत आणि विसरायला सगळ्यात आधी तोच सुरू होतो. २ पूमसाठी कोर्यो लागेल. त्यात एकाच पायावर उभं राहून पाय खाली न टेकता आधी गुडघ्याच्या उंचीवर साइड किक आणि लगेच त्याच पायाने दुसरी वर मारायची असते. ती घरी शिकवायला जाऊ नका, पण एका पायावर वीस सेकंद न हलता उभं राहण्याचा सराव आतापासून भिंतीजवळ करून घेतलात तर पुढे त्याचं निम्मं काम होईल.

आणि मुलाला इतक्यात कुठेच जायचं नसेल तर दोन-तीन महिने घरी राहू दे. शाळा बदलली, मित्र बदलले, त्यात हे झालं. पूमला मुदत नसते, आणि २ पूमसाठीचं एक वर्ष प्रमाणपत्रावरच्या तारखेपासून मोजतात, क्लासच्या हजेरीवरून नाही.